खिसेवालीचा पहिला झगा

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, असा सगळीकडे रिवाज आहे. खिसेवालीच्या बाबतीत तो सुरू व्हायला शहराला नऊ वर्षं लागली, पण एकदा सुरू झाल्यावर कुणी हात आखडता घेतला नाही. स्मारक समिती झाली, समितीची उपसमिती झाली, आणि टाऊन हॉलच्या तळमजल्यावर, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवत असत तिथे, ‘खिसेवाली स्मृतिदालन’ उघडायचं ठरलं. मोडक्या खुर्च्या समितीच्या बैठकीसाठी वर नेण्यात आल्या.

खिसेवाली म्हणजे बायकांचे कपडे बेतणारी बाई. तिच्याआधी बायकांच्या झग्याला बटणं पाठीवर असत, म्हणजे तो चढवायला आणि उतरवायला दुसरं माणूस लागे. झगा जमिनीवर लोळे, म्हणजे रस्ता झाडणाऱ्यांचं काम थोडं हलकं होई. आणि खिसा नसे. तिने बटणं पुढे आणली, घेर घोट्याच्या वीतभर वर घेतला आणि दोन्ही बाजूंना मनगटापर्यंत हात जाईल असे खिसे लावले. आज हे ऐकून कुणाची भुवईही हलत नाही, पण तेव्हा पाऊण शहराचं डोकं फिरलं होतं. ‘खिसेवाली’ हे नाव तेव्हाचंच, हिणवायला ठेवलेलं. आता ते दालनाच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत आलं होतं, आणि ज्या गृहस्थांनी ते ठेवलं तेच समितीत बसून पाटीवरचा सोनेरी रंग पुरेसा सोनेरी आहे का, यावर मत देत होते.

या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. वय चौऱ्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षं शिवणकामात. खिसेवालीचं दुकान रस्त्याच्या या बाजूला, मास्तरांचं त्या बाजूला. एकेचाळीस वर्षांपूर्वी टेलर मंडळाने तिच्याविरुद्ध ठराव केला, तेव्हा मास्तर मंडळाचे चिटणीस होते. ठरावाचा मजकूर त्यांचाच. ही गोष्ट आता फक्त त्यांनाच आठवत होती, निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि तीही ते विसरायच्या बेतात होते.

घोटाळा झाला तो आठवणींच्या बैठकीत.

समितीची चिटणीस ही एक चुणचुणीत तरुणी होती. तिने सगळ्या जुन्या टेलरांना बोलावलं आणि वही उघडून म्हणाली, “तुम्ही सगळे त्यांच्या काळातले. त्यांना तुमची कशी साथ होती, ते एकेक करून सांगा.”

कोटवाले म्हणाले, “तिला पहिलं मशीन मीच मिळवून दिलं.” वास्तविक मशीन दुरुस्त करणाऱ्याला ‘तिच्या दुकानाची पायरी चढलास तर याद राख’ असा दम त्यांनी दिला होता. कॉलरवाले म्हणाले, तिला दोऱ्याची रिळं तेच पुरवत. समितीचे अध्यक्ष एके काळी मंडळाचे खजिनदार होते. आता त्यांचा बायकांच्या तयार कपड्यांचा मोठा कारखाना होता. ते रुमाल डोळ्याला लावून म्हणाले, “अहो, आमच्या तर घरातलं माणूस होतं ते.” मास्तर सगळ्यांत शेवटी बसले होते. अशा बैठकीत शेवटी बसू नये. मशीन गेलं, दोरा गेला, घरातलं माणूसही गेलं; मास्तरांना काही शिल्लकच राहिलं नाही.

“पहिला झगा,” मास्तर म्हणाले, “मी बेतला.”

सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तरांनाही मागे वळून कोण बोललं ते बघावंसं वाटलं.

“म्हणजे कल्पना तिची,” त्यांनी घाईने सावरून घेतलं. “कात्री माझी.”

“काका!” चिटणीस खुर्चीतून उठलीच. खुर्चीचा पाय तेवढ्यात निघाला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. “मूळ झगा कुठेच मिळत नाहीये आपल्याला! नुसता एक फोटो आहे. तुम्हीच पुन्हा शिवून द्या ना! दालनाच्या मधोमध पुतळ्यावर ठेवू. शेजारी तुमचं नाव!”

“आता डोळे कुठे साथ देतात, पोरी.”

“डोळे कशाला? हातांना आठवेल ना तुमच्या!”

समितीने टाळ्या वाजवल्या. कोटवाल्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

फोटो घेऊन मास्तर घरी आले. फोटोत खिसेवाली स्वतःच तो पहिला झगा घालून उभी होती, दोन्ही हात खिशात, आणि समोरच्याचं माप घेतल्यासारखी बघत होती. मास्तरांनी फोटो उलटा ठेवला. मग झगा बघायचा म्हणून सुलटा केला. मग तिच्या चेहऱ्यावर चष्म्याचं घर ठेवून नुसता झगा बघितला.

बाहेरच्या खोलीत त्यांचं जुनं मशीन होतं. पाच दिवसांत अंग झालं, बाह्या झाल्या, पुढची बटणपट्टी झाली, काजं झाली. मास्तरांचा हात अजून पक्का होता, त्यात वाद नाही. मग खिशाची पाळी आली, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

खिसा लावणं काही अवघड नाही. बाजूची शिवण उसवायची, पिशवी आत बसवायची, शिवण घालायची. रिकामा असेपर्यंत झगा झकास दिसे. पण फोटोतल्या बाईचे दोन्ही हात खिशात होते, आणि तरी कापड तिच्या अंगावरून पाण्यासारखं सरळ खाली आलं होतं. मास्तरांनी आपण लावलेल्या खिशात किल्ल्यांचा जुडगा टाकला. झग्याची बाजू उपाशी गाढवाच्या ओठासारखी खाली लोंबली. त्यांनी खिसा पुढच्या भागाला टाचला, तर पुढे चुण्या पडल्या. मागच्या भागाला टाचला, तर झगा कंबर मुरडून उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. जाड अस्तर लावलं, तेव्हा तर बाईने दोन्ही बाजूंना उशा लपवल्यासारखं दिसलं.

झोळ. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः ठरावात लिहिलं होतं: बायकांच्या पोशाखाला खिसा लावला की कापडास झोळ पडतो, हा शास्त्रीय नियम आहे. तेव्हा तो नियम त्यांनी जेवता जेवता केला होता. आता तो खरा ठरत होता. उद्घाटनाला बारा दिवस राहिले होते. झगा झाला नाही, तर पहिला झगा बेतणारा माणूस दुसरा का बेतू शकत नाही, हे पहिलीतलं पोरसुद्धा विचारील. कोटवाले तर नक्कीच विचारतील.

मास्तरांची बायको समोर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. ती मास्तरांपेक्षा चार वर्षांनी लहान आणि बोलण्यात त्यांच्या चारपट कमी. पण जे बोलायची ते कुठे लागतं, हे मास्तरांना सेहेचाळीस वर्षांच्या संसारात चांगलं ठाऊक झालं होतं.

“कितवा खिसा हा?” तिने वर न बघता विचारलं.

“सहावा.”

“पहिल्या वेळी किती लागले होते?”

“कुठल्या पहिल्या वेळी?”

“तिचा झगा तुम्हीच बेतला होतात ना. छापून आलंय इथे. कोड्याच्या वरच आहे.”

मास्तरांनी घाईघाईने चार टाचण्या तोंडात धरल्या. उत्तर द्यावं लागलं नाही.

आणखी दोन दिवस गेले. आठवा खिसा उसवताना मास्तरांनी हात टेकले. कात्री बाजूला ठेवून ते नुसतेच बसून राहिले. बायको चहा घेऊन आली, कप टेबलावर ठेवला, झग्याकडे बघितलं.

“खिसा टांगलाय कुठे?”

“टांगलाय म्हणजे? शिवणीला बसवलाय. खिसा आणखी कुठे असतो?”

“मग ओढणारच की शिवण. सगळं ओझं तिच्यावर. कमरेला टांगा.”

मास्तरांनी कप उचलला होता तो तसाच हवेत राहिला. पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला घरातून असा सल्ला मिळणं बरं नव्हे. आणि सल्ला बरोबर असणं तर त्याहून बरं नव्हे.

“हे तुला कुणी सांगितलं?”

ती वळली. आतल्या खोलीत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं, त्यातून मास्तरांना तिची पाठ आणि कोपर दिसलं. कोपर तीनचारदा हललं. अंगावरच्या कपड्यातून काहीतरी काढून कपाटात ठेवावं तसं. मग दार लागलं. थोड्या वेळाने ती दुसरा झगा घालून बाहेर आली, आणि आधी अंगात होता तो, राखाडी रंगाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, तिने उलटा करून मशीनवर पसरला.

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

दोन्ही बाजूंच्या शिवणींच्या आत खिसे होते. पण खिशाची पिशवी शिवणीवर नव्हतीच. पिशवीच्या वरच्या काठापासून दोन बोटं रुंदीच्या दोन फिती निघून थेट कंबरपट्टीत शिवलेल्या होत्या, घोड्याच्या पाठीवर थैल्या टाकाव्यात तशा. ओझं सगळं कमरेवर. शिवणीला नुसतं तोंड उघडायचं काम. खिशाच्या कोपऱ्यावर, जिथे कापड हमखास फाटतं, तिथे बारीक त्रिकोणी टाका होता. तीन बाजू, प्रत्येक बाजूला सुईची सात घरं. असा टाका शहरात एकच बाई घालायची.

“हा... हा तिचा आहे!”

“माझा आहे. शिवला तिने.”

“कधी?”

“हा अलीकडचा. ती जायच्या आदल्या वर्षीचा.”

“अलीकडचा म्हणजे? आणखी आहेत?”

“सगळेच,” बायको म्हणाली. “चहा गार होतोय.”

मास्तर चहा प्यायले. चव कळली नाही. एकेचाळीस वर्षं या घरातल्या दोरीवर खिसेवालीचे झगे वाळत होते. त्यांनी ते पावसाच्या सरी आल्यावर स्वतः धावत जाऊन काढले होते, घड्या घातल्या होत्या, दोनदा इस्त्रीसुद्धा केली होती.

“तू तर म्हणायचीस रेडीमेड आहेत!”

“मी नाही म्हणाले. तुम्हीच एकदा शिवण बघून म्हणालात, ‘हल्ली रेडीमेडचंही काम बरं असतं.’ मी दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. ती इतकी हसली की मशीन थांबवावं लागलं.”

“मला का नाही सांगितलंस शिवायला? घरात टेलर असताना?”

“सांगितलं होतं. लग्न झाल्यावर तीन वर्षं सांगत होते. गिऱ्हाइकांचं आधी होऊ दे, म्हणायचात. होऊ दिलं मी.”

मास्तरांनी पुन्हा झगा हातात घेतला, आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. आधी त्यांना राग आला होता; मग लाज वाटली; पण बोटं त्या फितीवरून फिरायला लागली तशी दोन्हीही मागे पडली. फीत तिरक्या कापडाची होती, म्हणजे चालताना किंचित ताणेल आणि परत येईल. खिशाचं तोंड पुढच्या बाजूला बोटभर कललेलं होतं, कारण माणसाचा हात तसाच खाली येतो. पिशवीच्या तळाला शिवण नव्हती, घडी होती, म्हणजे नाणं किंवा सुई अडकायला जागाच नाही. कुणालाही कधीही न दिसणाऱ्या जागी बाईने इतका विचार करून ठेवला होता. आणि रस्त्याच्या पलीकडून एक शहाणा माणूस त्या सगळ्याला झोळ म्हणत होता.

“काय डोकं होतं बाईचं,” मास्तर म्हणाले. समितीत हेच वाक्य त्यांनी चौदा वेळा म्हटलं होतं. हे पंधरावं पहिल्यांदाच खरं होतं.

त्यांना ती मंडळाच्या बैठकीला आली होती तो दिवस आठवला. ठराव वाचून झाला. तिला विचारलं, काही म्हणायचंय का? ती म्हणाली, “किती वाजले?” अकराही जणांचे हात आपापल्या खिशात गेले आणि अकरा घड्याळं बाहेर आली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं, “आभारी आहे” म्हणाली आणि निघून गेली. मग कोटवाल्यांनी सूचना मांडली की ठराव एकमताने मंजूर झाला असं लिहावं.

“हा उतरवून घेऊ?” मास्तरांनी बायकोला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला विचारून माप उतरवत होते.

“घ्या. पण एक अट आहे.” तिने खिशातून एक कागद काढून पुढे केला. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला, पिवळा. “नव्या झग्याच्या खिशात हा ठेवायचा.”

मास्तरांनी कागद उलगडला आणि त्यांची पाचावर धारण बसली. ठराव. खाली अकरा सह्या. आणि वरचं अक्षर वळणदार, सुबक, बायकोचं. मास्तरांचं अक्षर पहिल्यापासून वाईट, म्हणून त्या वेळी ते सांगत गेले आणि तिने लिहून दिलं. दोन प्रती केल्या होत्या.

“ही तू ठेवलीस?”

“लिहून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले. झगा टाकला शिवायला. आला तेव्हा खिशात ठेवायला माझ्याकडे खरंच काही नव्हतं. मग हाच ठेवला.”

“अगं, पण हा तिथे कुणाच्या हाती लागला तर माझी अब्रू...”

“मग सांगून टाका जाऊन, झगा जमत नाही म्हणून. त्यात काय एवढं.”

मास्तरांनी विचार केला. झगा नेला नाही तर अब्रू आजच जाते. झगा नेला तर कुणी खिशात हात घातला तरच जाते. आणि बायकांच्या खिशात कोण हात घालतं? त्यांनी स्वतः एकेचाळीस वर्षांत घातला नव्हता. त्यांनी अट मान्य केली.

उद्घाटनाच्या दिवशी दालन माणसांनी फुलून गेलं होतं. पहिल्या रांगेत ‘आद्य समर्थक’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या अकरा खुर्च्या होत्या. त्यांतल्या सहांवर माणसं होती आणि पाचांवर दिवंगतांच्या स्मरणार्थ फुलं. मदतीला मुली होत्या; त्यांना अध्यक्षांनी आपल्या कारखान्यातले एकसारखे निळे झगे भेट दिले होते. झग्यांना दोन्ही बाजूंना खिशाची ऐटबाज पट्टी होती, वर बटण होतं, आणि पट्टीखाली काही नव्हतं. चिटणीसही त्याच झग्यात होती. तिच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कार्यक्रमपत्रिका, काखेत माइक, दातांत कात्रीची पिशवी आणि केसांत दोन पेनं खोचलेली. अशा अवस्थेत ती पाहुण्यांना खिशाच्या क्रांतीबद्दलचं माहितीपत्रक देत होती, आणि द्यायला हात मोकळा नसल्यामुळे ‘घ्या ना तुम्हीच’ म्हणून मान पुढे करत होती.

मधोमध काचेच्या चौथऱ्यावर पुतळा होता आणि पुतळ्यावर मास्तरांचा झगा. भोवती मखमली दोर, दोराला पाटी: ‘कृपया हात लावू नये’. ती पाटी बघून मास्तरांचा जीव भांड्यात पडला. एवढी सुंदर पाटी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती.

भाषणं झाली. खिसा हा केवळ खिसा नव्हता, असं तिघांनी सांगितलं; मग तो काय होता, यावर मात्र तिघांचं जमलं नाही. अध्यक्ष म्हणाले, खिसा हा एक विचार आहे. कॉलरवाले म्हणाले, खिसा ही एक चळवळ आहे. सगळे झग्याकडे बोट दाखवत होते, माना डोलवत होते, फोटो काढत होते. तासभर झाला, पण हात कुणी घातला नाही. मास्तर निर्धास्त झाले, आणि निर्धास्त झाल्यावर त्यांना हळूहळू वाईट वाटायला लागलं. काय हे लोक! इतका सुरेख खिसा, फितीचा ताण केसाएवढाही चुकलेला नाही, आणि एकालाही आत कसा आहे ते बघावंसं वाटू नये?

प्रमुख पाहुण्या निवृत्त न्यायाधीश होत्या. उंच, शांत, चष्म्यावरून बघायची सवय असलेल्या बाई. फीत कापून त्या झग्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “खिसे खरे आहेत, का वरवरचेच?”

“वरवरचेच, बाई,” अध्यक्ष हसून म्हणाले. “शोभेचे. आमच्या कारखान्यातही आम्ही तसेच करतो. त्याचं काय आहे, खरा खिसा लावला की झोळ पडतो. हा शास्त्रीय नियमच आहे.”

मास्तर खुर्चीतून उठले.

“कोण म्हणतं झोळ पडतो?”

“अहो मास्तर, आपलंच तर...”

“काही झोळ पडत नाही! कमरेला टांगलाय तो! तिरकी फीत आहे!” मास्तरांनी मखमली दोर उचलला आणि पाटीसकट बाजूला केला. “बाई, तुम्ही हात घाला. घाला हो, अगदी मनगटापर्यंत. वाटल्यास तुमचं पुस्तक टाका, चष्मा टाका, या अध्यक्षांना टाका! कापड जागचं हललं तर माझं नाव बदला!”

न्यायाधीशबाईंनी हात घातला. मनगटापर्यंत गेला. कापड जागचं हललं नाही. मास्तरांनी छाती फुगवून सगळ्यांकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्यांना कागद आठवला.

“यात काहीतरी आहे,” बाई म्हणाल्या.

“असू दे, असू दे,” मास्तर ततपप करायला लागले. “ते... अस्तर आहे.”

पण बाईंनी जन्मभर लोकांनी ‘असू दे’ म्हटलेले कागदच वाचले होते. त्यांनी घड्या उलगडल्या, चष्मा खाली घेतला आणि निकाल वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. चिटणीसने सवयीने माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

“‘टेलर मंडळाची ही सभा असे ठरवते की, मंडळाच्या कोणाही सभासदाने स्त्रियांच्या पोशाखास खिसा लावू नये व लावणाऱ्या बाईस दोरा, सुई अथवा मशीनदुरुस्तीचे साहाय्य करू नये. कारण, खिशामुळे कापडास झोळ पडतो, हा शास्त्रीय नियम आहे. तसेच स्त्रीला खिशात ठेवण्याजोगे काही नसते. असल्यास ते तिच्या पतीच्या खिशात अधिक सुरक्षित असते. सबब हा ठराव एकमताने मंजूर.’”

दालनात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि ती उचलायला पहिल्या रांगेतले सगळे खाली वाकले असते. बाई आता सह्या वाचत होत्या. एक सही, एक खुर्ची. कॉलरवाले बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. कोटवाले फुलं ठेवलेल्या खुर्चीकडे बघत होते. तिथे असतो तर बरं झालं असतं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. खजिनदाराची सही वाचून झाली तेव्हा अध्यक्षांनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

“वा! ही आमचीच कल्पना!” ते म्हणाले. “विरोध किती होता, ते लोकांना कळावं म्हणून मुद्दाम ठेवलंय!”

अर्ध्या दालनाने टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या लक्षात आलं, आता नुसतं गप्प बसलं तरी भागणार आहे. सुटण्याची वाट अध्यक्षांनी झाडून, पाणी मारून समोर ठेवली होती.

“अक्षर कुणाचं आहे हे?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“माझं,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

मास्तरांची बायको उभी राहिली होती. अंगात तोच राखाडी झगा, दोन्ही हात खिशात, आणि ती मास्तरांकडे बघत होती. समोरच्याचं माप घेतल्यासारखी. मजकूर कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. ते तिने मास्तरांवर सोडलं होतं.

मास्तरांनी एकदा झग्याकडे बघितलं. कापड पाण्यासारखं सरळ खाली आलं होतं.

“मजकूर माझा,” ते म्हणाले. “सांगितला मी, लिहिला हिने. पहिला झगा मी बेतलेला नाही. तिच्या दुकानाची पायरीसुद्धा मी कधी चढलो नाही. हाही झगा माझा नाही; हिच्या अंगावरचा बघून उतरवून घेतलाय. आठ वेळा चुकलो, तेव्हा हिने दाखवला. आणि ‘खिसेवाली’ हे नावही मीच ठेवलं, पण कौतुकाने नव्हे.” ते थांबले. “एवढंच. बाकी झोळ पडत नाही, ते मात्र तुम्ही लिहून घ्या.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यामुळे मास्तरांना जरा बरं वाटलं.

समितीने पुढे जे करायचं ते केलं. ‘आद्य समर्थक’ या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी निघाल्या आणि त्याच खुर्च्यांवर ‘समकालीन’ अशा चिठ्ठ्या लागल्या. ठराव काचेखाली गेला. खाली लिहिलं होतं: मजकूर: मास्तर; हस्ताक्षर: मास्तरांची पत्नी; जतन: तीच. अध्यक्षांनी कारखान्यातल्या पट्टीवरचं बटण मोठं करून नव्या झग्याला खिसेवालीचं नाव दिलं. पट्टीखाली अजूनही काही नव्हतं. चिटणीस मात्र त्याच आठवड्यात आपला निळा झगा घेऊन मास्तरांकडे आली आणि म्हणाली, “काका, हा उसवा आणि खरे लावून द्या.” मास्तरांनी मशीनला तेल घातलं.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी दोघं पायीच घरी आले. घरी पोचल्यावर बायको सरळ आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. या वेळी तिने दार लावलं नव्हतं. मास्तर दारात येऊन उभे राहिले. तिची पाठ होती त्यांच्याकडे. कोपर हललं. एक वस्तू गेली खिशात, मग दुसरी, मग तिसरी काहीतरी लहान.

“काय असतं गं त्यात?” मास्तरांनी शेवटी विचारलं.

“असतं काहीबाही.”

“कागद तर गेला आता. मग?”

“कागद एकच होता,” ती म्हणाली. “खिसे दोन आहेत.”

मास्तरांनी बाहेर जाऊन मापाची फीत गळ्यात टाकली, कानावर खडू ठेवला आणि परत दारात आले.

“हिवाळ्यासाठी तुला एक जाड कापडाचा शिवतो. उभी राहा जरा. सेहेचाळीस वर्षांत तुझं माप कधी घेतलेलं नाही मी.”

“गिऱ्हाइकांचं आधी होऊ दे,” बायको म्हणाली. पण हात बाजूला करून उभी राहिली.

मास्तरांनी कंबर मोजली, लिहून घेतली. उंची मोजली. मग खिशापाशी फीत धरून विचारलं, “खोल किती हवा?”

ती विचार करत राहिली. बराच वेळ. कोड्यातल्या एखाद्या शब्दाचा करते तसा.

“याच्यापेक्षा दोन बोटं जास्त,” ती म्हणाली.

मास्तरांनी काही न विचारता तेवढं लिहून घेतलं.